दिलेस

इल्झे आली तेव्हा तिच्याकडे मराठीचे अकरा शब्द होते,
त्यातले चार आकडे.
कर्वेनगरात तिसऱ्या मजल्यावर आमची खोली,
एक शेगडी, दोन पातेली,
आणि आईने उदगीरहून पाठवलेली काळ्या मसाल्याची बरणी,
जी पहिल्या सकाळी तिला कॉफी वाटली.

ठसका. मग हसू. मग तांब्याभर पाणी.

कोपऱ्यावरच्या दुकानात कानडेकाकांनी विचारलं, कुठली ही?
लाटव्हिया, ती म्हणाली.
लातूर? काका माझ्याकडे वळले,
मग तुमच्याकडचीच की!
मी हो म्हटलं. नकाशा कोण काढत बसणार
गिऱ्हाईकांच्या गर्दीत.

पहिला महिना ती केळ्यांवर जगली,
कारण केळी बोटांनी मोजता येतात.
बाकी सगळं काउंटरच्या पलीकडे,
मागायचं तर नाव हवं,
आणि नावंच तर तिच्याकडे नव्हती.
मग वहीत चित्रं. कांदा जमला, अंडं जमलं.
पण मिठाचं चित्र कसं काढायचं?
काकांनी कागद उलटसुलट करून पाहिला
आणि पुडीत बांधून तुरटी दिली.

पाव किलो हे मी शिकवलं.
दुसऱ्या दिवशी घेऊन आली पाव,
एक किलो.
चार दिवस आम्ही पावच खाल्ला, चहात बुडवून, तव्यावर भाजून,
शेवटी कुस्करून फोडणीत.
सुट्टे नाहीत, हे मात्र ती आपलं आपण शिकली,
अगदी काकांच्याच सुरात, मान तिरकी करून.

तिला सांगितलं नाही कधी,
की मीही इथे नवी असताना
मेसच्या आमटीत गूळ लागला म्हणून ताट सरकवलं होतं
आणि वाढणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या,
बाहेरगावच्या का तुम्ही?
माझ्याकडे तेव्हा शब्द सगळे होते.
काही उपयोग झाला नाही.

ऑक्टोबरात एकदा मंडईत
मी वांगी निवडत होते, आणि ती मागे नाही.
पाहिलं तर हौसामावशीच्या पालेभाज्यांपुढे उकिडवी बसलेली,
नाक खुपसलेलं शेपूच्या जुडीत,
डोळे मिटून म्हणतेय, दिलेस, दिलेस.
मावशी भडकली,
मी कुठं काय दिलं अजून?
पैसे काढ आधी!

तिच्या भाषेत शेपूला दिलेस म्हणतात,
हे मावशीला समजावता समजावता
तीन गिऱ्हाइकं गेली, दोन थांबून ऐकत राहिली.
मावशीने पदराने तोंड पुसलं.
एवढ्या लांब उगवतो व्हय हा? म्हणाली,
आणि आमची पोरं बघा, ताटात दिसला की पळतात.

पळणाऱ्यांत मी पहिली.
लहानपणी दिवसभर येणारे ते हिरवे ढेकर.
त्या संध्याकाळी तिने बटाटे उकडले,
वरून दही, मीठ,
आणि कच्चा शेपू, बारीक चिरून, मूठभर.
फोडणी नाही. लसूण नाही. मुगाची डाळ नाही.
मी बरणी पुढे केली, तिने हाताने थांबवली.
आज नको, म्हणाली. मराठीत.
मग बोलली नाही जेवून होईपर्यंत.
मी पण पूर्ण वाटी संपवली, नाक न धरता.

मे महिन्यात ती गेली.
तुरटीचा खडा अजून मोरीच्या खिडकीत आहे.
गेल्या रविवारी मंडईत
हौसामावशीने लांबूनच हाक मारली,
ती तुझी दिलेस कुठाय?
गेली म्हटलं, तिच्या गावी.
लातूरला? शेजारच्या बाईने विचारलं.

मावशीने जुडी पिशवीत टाकली,
मी मागितली नव्हती.
पैसे द्यायला गेले तर म्हणाली, राहू दे, सुट्टे नाहीत.

शेपू मला अजूनही फारसा आवडत नाही.
बटाटे उकडत ठेवलेत.