अंगावरचं

नोव्हेंबर. हेब्रिडीजमधलं एक उघडं बेट.
तिपाईला टांगलेल्या झोळीत
सीलचं पिल्लू हिसके देतंय.
इशबेल आकडा वाचते: एकतीस.
परवा सत्तावीस होतं.

आई वाळूवरून आमच्यावर फुत्कारते.
बाळंत झाल्यापासून तिच्या पोटात
एक मासा नाही.
दूध मात्र लोण्याइतकं दाट.
पिल्लू अंगावर पितं
आणि ती तेवढी उतरते;
मानेची वळी गेली,
आता खांद्याचं हाड दिसतंय.

अठराव्या दिवशी ती समुद्रात शिरेल,
वळूनही बघणार नाही.
पिल्लू पांढरी लोकर गाळत
आठवडेच्या आठवडे उपाशी पडून राहील,
आई अंगावर घेऊन.

पलीकडच्या घळीत सतरा नंबर.
त्याची आई पहिलटकरीण, चणीनं लहान.
शनिवारच्या उधाणानं दोघांना तोडलं;
ती परत आली तेव्हा
दुसऱ्याच पिल्लाला हुंगत बसली.
काल सोळा किलो. आज पंधरा.

मी थर्मासमधल्या दुधाकडे बघतो.
"ते आपलं काम नाही," इशबेल म्हणते,
आणि पेन्सिल चावत
आकडा लिहायचा तेवढा राहून जातो.