कारण: हवामान

गुरुवारी आम्ही पाचजण हँगरात जमतो,
गुडघे गेलेले, कान गेलेले,
आणि हिला पुसतो.
डेव्हन. दोन पंखे, आठ खुर्च्या,
शेपटीकडे इवलासा संडास, ज्याचं दार
नेमकं ग्रुप कॅप्टन आत असतानाच अडकायचं.

लढाईवर ही कधी गेली नाही.
हिनं साहेब वाहिले.
साहेब, त्यांच्या ब्रीफकेसा, टोप्यांचे गोल डबे,
एकदा एका ॲडमिरलचा म्हातारा कुत्रा,
आणि इन्व्हरकार्गिलहून परतताना दर हिवाळ्यात
नाकातल्या कप्प्यात ऑयस्टरचं एक ओलं पोतं,
ज्याची नोंद कुठल्याच वहीत नाही.
साहेब नाक वर करून म्हणायचे,
"आज समुद्राचा वास फारच येतोय."
पुढून स्ट्रदर्स: "हो सर. खालीच आहे."

हिचे ब्रेक हवेवरचे.
जमिनीवर चालताना सुस्कारे टाकते,
जिना चढून आलेल्या बाईसारखे.
अजूनही. मागच्या महिन्यात
हँगराबाहेर ओढली तेव्हा टाकला एक.
आम्ही पाचही जण गप्प झालो.

पाएवाईची नात येते हल्ली. अनाहेरा.
आजोबांची जुनी जागा, रेडिओची, तिला पाठ आहे.
विचारते: हिच्यात मोठी माणसं कोण कोण बसली?

खुर्ची तीन.
ऑगस्ट, त्रेसष्ट.
आदल्या दिवशी एक हार्वर्ड विग्रमला परतलं नव्हतं,
पहाटे सापडलं, डोंगराच्या कुशीत.
पोरगा वीस वर्षांचा, मोसगीलचा.
आई लोकरीच्या गिरणीत.
साडेदहाला विंग कमांडर एकटाच चढला.
टोपी हातात, ब्रीफकेस नाही.
एवढ्यावरून कळतं.
त्याला ठाऊक, आम्हा तिघांना ठाऊक,
आणि जिला सगळ्यांच्या आधी कळायचं
ती त्या घटकेला साच्यावर
तुटला धागा जोडत असेल.

डावीकडे समुद्र. उजवीकडे आल्प्स,
राग यावा इतके स्वच्छ.
मी दिलेल्या चहावर साय धरली.
इंजिनांच्या आवाजात त्याचे ओठ हलत होते:
मिसेस गिलफिलन.
थांबायचा. पुन्हा: मिसेस गिलफिलन.
चार वेळा. पुढचं वाक्य
एकदाही आलं नाही.

टायेरीचं मैदान दिसलं. मेंढ्या, कुंपणं,
गिरणीचं धुराडं.
इथे चाकं सोडायची असतात.
स्ट्रदर्सनं सोडली नाहीत.
एक घिरटी.
टॉवरनं विचारलं. पाएवाईनं रेडिओवरचा हात काढून
मांडीवर ठेवला.
दुसरी घिरटी.
खाली भोंगा झाला असावा,
बायका अंगणात आल्या, ॲप्रनमधल्या,
भिंतीवर बसून कागद सोडू लागल्या.
एकीनं डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.
कुणीही असेल. विमान दिसलं की माणूस पाहतोच.

ब्रेडचे दोन तुकडे, थोडं हसणं, थर्मासमधला चहा.
याला किती वेळ लागतो
हे स्ट्रदर्सनं कुठल्या तक्त्यात पाहिलं, देव जाणे.
विंग कमांडर खिडकीतून तेच बघत होता.
तिसऱ्या घिरटीला तो स्वतःच
पट्टा आवळत म्हणाला, हळू,
"चला आता."

उतरलो. तिनं सुस्कारा टाकला.

वही आता काचेच्या पेटीत आहे,
तेच पान उघडं, अक्षर चांगलं म्हणून.
अनाहेरा बोट ठेवून वाचते:
आकाश निरभ्र. वारा शांत.
विलंब, अकरा मिनिटं. कारण: हवामान.
"हे चुकलंय," ती म्हणते.
"निरभ्र, आणि हवामान?"

स्ट्रदर्स मागल्या वर्षी गेला. तिचा आजा त्याच्या आधी.
मी फडकं पिळून तिच्या हाती दिलं.
म्हटलं, तीन नंबरचा पट्टा राहिलाय.
बकलच्या आतून पूस. तिथे गंज धरतो.