अ.पा.क.

सातबाऱ्यावर माझ्या नावापुढे
दहा वर्षं तीन अक्षरं होती,
टिंबांनी बांधलेली:
समिधा रंगनाथ कोठुळे, अ.पा.क. गयाबाई.
म्हणजे काय, मी विचारलं होतं आठव्या वर्षी.
अज्ञान पालक कर्ता, तलाठी म्हणाला,
आणि पेनानं माझ्याकडे बोट करून,
अज्ञान म्हणजे तू.

अज्ञान होते तेव्हा मी
आत्याला घरपट्टीची नोटीस वाचून दाखवायचे,
बँकेचा फॉर्म, गॅसचा नंबर,
एकदा तिच्याच पोटाचा रिपोर्ट,
त्यातला एक शब्द शाळेत विचारून आल्यावर
घरी मुद्दाम सोपा करून.
ती ओळीखाली बोट धरायची,
मी वाचलं की बोट एक पायरी उतरायचं.
शेवटी निळ्या शाईचा अंगठा,
आणि उरलेली शाई केसांना.
आमच्या दोघींत पालक कोण,
हे कायद्यानं कधी घरी येऊन पाहिलं नाही.

विहितगावात अकरा गुंठे,
वालदेवीच्या अंगाला, एक हापशी, दोन कडुनिंब.
बाबांनी घेतलेले.
बाबा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, तिकिटं छापायचे.
शिफ्ट सुटली की झडती देऊन घरी यायचे,
खिशात फक्त बडीशेप.

ते गेल्यावर पांढऱ्या गाडीतून सांगळे यायला लागले,
दर दिवाळीला, मिठाईचा बॉक्स घेऊन.
आत्या बॉक्स ठेवून घ्यायची आणि म्हणायची,
पोरगी अज्ञान आहे, भाऊ.
कोर्ट विचारील मला.
वाटेवर बोराटीची फांदी आडवी टाकावी
तसा टाकायची ती तो शब्द.
मला राग यायचा. वर्गात पहिली येणारी मी,
आणि ही चारचौघांत मला अज्ञान म्हणते.
फांदीच्या आत मीच उभी होते
हे कळायला, बघा, सज्ञान व्हावं लागलं.

परवा अठरा पुरी झाली.
रात्रीतून काही झालं नाही.
दही नीट लागलं नव्हतं.
सकाळी सातला सांगळेंचा फोन.
कालपर्यंत पोरी म्हणत होते,
आज म्हणाले, ताई,
आता तुमच्या एका सहीचा प्रश्न.
आत्या चुलीपाशी नव्हती, ओट्यापाशी होती,
तरी तिनं फुंकर मारल्यासारखं केलं.

मग आम्ही ऑफिसात.
पाटी बदललीय, हुद्दा बदललाय,
बाहेरच्या बाकावर सगळे अजून तलाठीच म्हणतात.
जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला,
अर्जावर कोर्ट फीचं तिकीट.
तिकीट मी जिभेनं ओलं केलं.
बाबांच्या हाताखालून लाखो गेली असतील,
चव एकाचीही त्यांनी घेतली नसेल.

पालकाचा जबाब लागतो, बाई म्हणाल्या,
छापील आहे, फक्त अंगठा.
आत्यानं कागद माझ्याकडे सरकवला.
वाच की.
आणि ओळीखाली बोट.

मी वाचलं.
सदर अज्ञान व्यक्ती आता सज्ञान झाली असून.
बोट उतरलं.
तिचे नावे असलेली मिळकत तिचे ताब्यात दिली असून.
उतरलं.
पुढची ओळ होती:
यापुढे माझा तिच्याशी व मिळकतीशी
पालक या नात्याने काहीही संबंध राहिलेला नाही.
ती मी वाचली नाही.
सरळ तारखेवर गेले, ठिकाण नाशिक, म्हणाले,
आवाज न हलवता.
सज्ञान झाल्यावरची माझी पहिली लबाडी,
शासकीय कार्यालयात, भर दुपारी.

आत्यानं अंगठा शाईत बुडवला,
बरोबर चौकोनात टेकवला, उचलला,
केसांना पुसला.

जिना उतरताना कठडा धरून म्हणाली,
एक ओळ कमी वाचलीस.
मग दोन पायऱ्या उतरून,
भाजी घ्यायचीय, मेथी बघ मिळते का,
आणि त्या सांगळेचा फोन आला
तर माझ्याकडे दे.