कर्ता नसलेलं वाक्य

उत्तरायण होऊन नऊ दिवस झाले होते.
हरणीच्या तारांवर अजून गुलाबी मांजा,
आणि आमच्या खोलीतल्या बोर्डावर
एका टाचणीला तिरपं लटकलेलं
नवं परिपत्रक, चार पानी.

पाळी सुरू होताना हत्यारं मोजा. संपताना मोजा.
चूक आढळली तर कळवा.
कुणी केली हे लिहू नका, काय झालं ते लिहा.
खाली सह्यांचा तक्ता : वाचले, समजले.
मी सही केली.
वाचलं होतं.

रात्री मुक्कामाला आलेलं विमान
साडेतीनला तपासून मी मोकळी झाले.
पाच वाजून दहा मिनिटांनी, वारसियाच्या घरी,
चहात आलं किसताना
मला माझा हात रिकामा दिसला.

दांडीचा आरसा. रुपयाएवढा.
इंजिनाच्या पोटात जिथे डोकं जात नाही
तिथे तो जातो, आणि मला सांगतो.
पेटीतली त्याची खाच भरलेली होती
की नव्हती?
मोजताना मी 'बारा' म्हटलं होतं.
बारा होती, की जिभेची सवय होती?

सहा पाचला सुटणार होतं.
एकशे अठ्ठ्याहत्तर माणसं.
बोट किसणीवर सोलवटलं, त्याच बोटाने फोन लावला.
पांचाळसाहेब एवढंच म्हणाले, "आवो, शिर्केबेन."
ओरडले असते
तर स्कूटर चालवणं सोपं गेलं असतं.

धुक्यात इंजिनाची झाकडं उघडली.
दोघं जमिनीवर उताणे, तोंडात टॉर्च,
प्रत्येक नळीमागे, प्रत्येक पट्टीखाली.
वर, काचेच्या आत, एक काका
झलकला म्हणत होते म्हणे :
दिल्लीत माझी सुनावणी आहे, दहाला,
कुणाची चूक? नाव सांगा.
झलक चोवीस वर्षांची, तिने नाव सांगितलं नाही.
त्यांच्या सुनावणीचं काय झालं
ते मला आजही ठाऊक नाही.

आई मराठी शाळेत व्याकरण शिकवायची,
शेवटच्या वर्गात अकरा मुलं होती, मग शाळाच मिटली.
ती म्हणायची, काही वाक्यांना कर्ता नसतो गं.
उजाडलं. सांजावलं. मळमळलं.
कुणी उजाडलं, असं विचारायचं नसतं.
आमच्या घरात मात्र कप फुटला
की आधी 'कुणी?' फुटायचं,
कपाचे तुकडे नंतर.

इंजिनात आरसा नव्हता.
उजाडलं.
सात पंचवीसला विमान गेलं, पोट रिकामं, हलकं,
एक तास वीस मिनिटं उशिरा.

स्कूटरच्या डिकीत स्वेटर होता.
स्वेटरच्या बाहीत आरसा.
उचलला तर त्यात माझी एक नाकपुडी
आणि जागरणाचा एक डोळा, एवढंच मावलं.

फॉर्म इंग्रजीत होता. मी आधी मराठीत लिहून पाहिला.
'मी विसरले' लिहिलं, खोडलं.
'आरसा विसरला गेला', तेही खोडलं, खोटं वाटलं,
जणू आरसाच चालत गेला होता.
शेवटी लिहिलं :
गरम झालं म्हणून स्वेटर काढला,
बाहीत आरसा राहिला, मोजणी तोंडी झाली.
पांचाळसाहेबांनी वाचलं, फाइलला लावलं,
आणि विचारलं, बोटाला काय झालं?

एप्रिलमध्ये नवं परिपत्रक आलं.
तिसऱ्या पानावर, एकविसाव्या कलमात :
मोजणी खाच पाहून करावी, तोंडी करू नये.
काढून ठेवलेल्या कपड्यांच्या बाह्या व खिसेही तपासावेत.

नाव कुठेच नाही. वडोदरा नाही, थंडी नाही,
आल्याचा वास नाही.
नवा मुलगा, क्रिशिव, हसला :
बाहीत कोण शोधतं, बेन?

मी सही केली. वाचले, समजले.
तो अजून हसत होता,
पण जाकीट खुंटीला लावण्याआधी
दोन्ही बाह्या त्याने झटकल्या.