भितर काय भायर

रात्री साडेबाराला लिगोर फुर्तादो
दोहाच्या स्टुडिओतून आमच्या शिरोड्यात येतो,
वामनाच्या बारमध्ये, फ्रिजच्या वर.
निळा सूट, केसांना रंग जरा जास्तच.
हातात पेन.
त्यानं तो काचेवर पिवळ्या रेघा ओढतो,
कुणाच्या पावलाभोवती गोल करतो,
कुणाचा खांदा दोन बोटं पुढे म्हणून दाखवतो.
सगळं मोजता येतं आता.

वामन आवाज वाढवतो,
कारण आज लिगोर स्वतःचा गोल सांगतोय.
इंग्रजीत,
पण मधूनच कोकणीचा हेल,
मानशीच्या फटीतून भरतीचं पाणी शिरावं तसा.

कुडतरीचं शेत, कापणीनंतरचं, म्हणतो. मी अनवाणी.
समोर गोलकीपर, उंच, नदीपलीकडचा.

उंच मी कधीच नव्हतो.

वीस यार्डांवरून, म्हणतो, डावा पाय.

गुडघा होता, लिगोर. उजवा.
चेंडू बांधाला आपटून उडाला,
तुझ्या गुडघ्याला नकळत लागला
आणि माझ्याकडे आला घरंगळत,
बाजार करून दमलेल्या म्हातारीसारखा.

मी तो रेघेवर धरला.
रेघ म्हणजे चुना, सकाळी टाकलेला.
संध्याकाळपर्यंत तो बावीस जणांच्या तळव्यांना लागून
आणि कुणाच्या तरी म्हशीबरोबर
निघून गेला होता.
बोनिफास मास्तर धापा टाकत आले,
शिट्टी तोंडातून काढली, पुसली,
आणि मलाच विचारलं,
भितर काय भायर? खरें सांग.

बांधाला स्कूटर टेकवून
वास्कोच्या क्लबचा माणूस शेंगा सोलत होता.
मला ते ठाऊक नव्हतं.
मला एवढंच ठाऊक होतं, की बरोबरी झाली
तर अर्धा तास जादा,
मग पेनल्ट्या,
आणि रायतूरच्या धक्क्यावरून
शेवटची फेरीबोट सातला.

मी म्हटलं, भितर.

त्या एका शब्दावर वास्को, मग कोलकाता, मग मस्कत,
दोनदा मोडलेला घोटा,
एक अख्खा सीझन बाकावर ट्रॅकसूट घालून,
शेवटच्या मॅचला चौतीस प्रेक्षक
(हे तो सांगत नाही, त्याच्या भावानं सांगितलं),
आणि मग हा सूट, हा पेन.

स्ट्रायकरला भूक असावी लागते, तो म्हणतो,
आणि टोपण लावतो.

बारमधली चार डोकी माझ्याकडे वळतात.
मी बशीतले चणे चिवडतो.
बाहेर होता का चेंडू?
वामन दर वेळी विचारतो.
मी नीट पाहिलंच नव्हतं.
डोळ्यात चुना गेलेला
आणि कान नदीकडे.

धावत धक्क्यावर पोचलो तेव्हा
दोर सोडणाऱ्या पोरानं विचारलं,
कोण जिखलो?
माझ्या बाहीवर पांढरा पट्टा होता, कोपरापासून मनगटापर्यंत.
मी म्हटलं,
आदीं बोट सुटूं दी.