कारणे दाखवा

सात दिवसांत, असं लिहिलंय.
जावक क्रमांक पसरलेला, शिक्का तिरका.
घुटके शिपायाने पाकीट दिलं
माझ्याकडे न बघता, कूलरच्या टाकीकडे बघत.

सतरा वर्षं हे मीच विचारत आलो:
शास्त्रीय कारणे लिहा, कोणतीही तीन.
लोखंड का गंजतं.
माठातलं पाणी गार का होतं.

घडलं ते इतकंच.
रविवारी ऊन उतरल्यावर संविधान चौकात
कुणीतरी माझ्या हातात माईक दिला.
मी म्हटलं, मी मनपा शाळेत विज्ञान शिकवतो.
मी म्हटलं, माझ्या घरी निळकंठ असतो,
आणि आम्ही भाऊ नाही.
पत्रात ह्याला 'पेशास अशोभनीय वक्तव्य' म्हटलंय.
दोनपैकी कोणतं वाक्य, ते लिहिलेलं नाही.

ह्याच हातांनी
नऊशे मतदारांच्या बोटांना शाई लावली,
पोलिओचे थेंब पाजले,
खिचडीच्या तांदळाचा ग्रॅमपर्यंत हिशेब दिला,
पारा सत्तेचाळीसवर असताना
पाचपावलीच्या गल्ल्यांतून डोकी मोजली.
संध्याकाळी मी कुणाकडे परततो
हे तेव्हा कुणाला विचारावंसं वाटलं नाही.

माझ्या सेवापुस्तिकेत
नामनिर्देशित व्यक्ती म्हणून निळकंठच आहे.
पुढे रकाना: नाते.
बाबूने पेन उचलून विचारलं, आणि मी म्हणालो,
आतेभाऊ.
नोकरीत खोटं बोललो ते तेवढंच.
त्याची नोटीस आली नाही.

कूलरमध्ये पाइप सोडून निळकंठ म्हणतो,
दिलगिरी लिहून टाक, घराचे चौदा हप्ते उरलेत.
पाणी टाकीबाहेर सांडायला लागतं.
मग तोच म्हणतो,
नको लिहू.

शनिवारी फाटकाशी सातवी 'ब' ची ट्विंकल बागडे:
'सर, माई वही तुमच्यापाशीच राह्यली जी.
सोमवारी आनसान ना?'

रात्री ती वही काढली.
प्रश्न तिसरा, माठाचा.
तिने लिहिलंय:
माठाला बारीक बारीक भोकं असतात.
आतलं पाणी थोडं थोडं बाहेर येतं,
म्हणून आत राहिलेलं गार राहतं.
जर माठाला ऑइल पेंट मारला तर
सर, पाणी तापते.

शेवटचं वाक्य पुस्तकात नाही.
पूर्ण गुण दिले.
मग कोरा कागद ओढला,
समास सोडला,
प्रति, शिक्षणाधिकारी,
विषय