चार बोटं खिडकी

यवतेश्वरावरून वारा उतरतो
तोवर सातची ताटं घासून झालेली असतात.
मी हात धुते, कोपरापर्यंत.
बाबर मास्तर खाटेवरून मोजतात,
"शेवंता, अठराच झाले. वीस म्हणजे वीस."

परवा सगळ्यांना सुई टोचली.
मुळीक आजींनी हात पुढं केला
बांगड्या भरायला बसल्यागत.
आधी माझा दंड टोचून घेतला, तेव्हा कुठं.

भांडण एकच, खिडकीचं.
मी चार बोटं उघडते, मास्तर लावून घेतात.
"गारठ्यानं मारतेस का?"
मी काही बोलत नाही.
गेल्या पौषात खोकला ह्याच खोलीत
पाहुण्यासारखा खाटेखाटेवर टेकत गेला.
तिसऱ्या खाटेची गोधडी
अजून कुणी न्यायला आलं नाही.

काल माझंच नाक गळत होतं.
पायरीवरनंच रजा सांगितली, फिरले.
फाटकाशी मागं वळून बघते तर
मास्तर, मफलर कानावर,
काठीच्या टोकानं खिडकी ढकलतायत.
मग फटीला बोटं लावून माप घेतलं.

बोटं बारीक झालीत त्यांची.
पाच लावली असतील.